तिच्या आवाजातल्या बाहुल्या

मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. शिवून आलेला माल टेबलावर पसरायचा, उजेडाला धरायचा, तुटका धागा, तेलाचा डाग, वाकडी गेलेली कड दिसली की तिथं खडूनं खूण करायची आणि नग बाजूला काढायचा. दुरुस्ती करणारी माणसं वेगळी. माझं काम दोष दाखवण्यापुरतं. वीसेक वर्षं हेच करतोय.

पहिली बाहुली याच टेबलावर आली. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला लहान मुलींसाठी टॉवेलच्या कापडाचे गाऊन हवे होते आणि प्रत्येक गाऊनसोबत बाहुलीसाठी तसाच चिमुकला गाऊन. मापासाठी त्यानं बाहुलीच पाठवून दिली. फूटभर उंचीची, लांब पायांची, ओठ रंगवलेली. फॅशन डॉल म्हणतात ती. ऑर्डर काही आली नाही. बाहुली ड्रॉवरमध्ये पडून राहिली आणि एक दिवस मालकांना विचारून मी ती घरी आणली. का आणली, हे आजही धड सांगता येत नाही. तिच्या झग्याच्या गळ्याला घातलेली शिलाई इतकी बारीक होती की कापडाच्या धंद्यातल्या माणसाच्यानं ती टाकवेना, एवढंच.

मग दुसरी आली, तिसरी आली. काही ऑनलाइन मागवल्या, काही जुन्या बाजारात सापडल्या. केसांत गुंता झालेल्या, एका पायात बूट नसलेल्या. कोमट पाण्यात शाम्पू घालून मी त्यांचे केस धुवायचो आणि जुन्या टूथब्रशनं विंचरायचो. बायको बघायची आणि मान हलवायची. ती मंगळवेढ्याची. तिच्या माहेरी बाहुली म्हणजे चिंध्यांची, ती पण पोरींनी खेळायची. गल्लीतली एक बाई म्हणाली, घरात पोर नसलं की माणूस असं काहीतरी करतं. आम्हाला मुलगा आहे, पुण्यात नोकरीला असतो. बायकोनं त्या बाईला तसं सांगितलं, आणि घरी येऊन मला म्हणाली, "आता कपाटाला पडदा लावा तेवढा."

चॅनेलची कल्पना मुलाची. दिवाळीला आला होता तेव्हा त्यानं मला एक बाहुली हातात घेऊन तिचे गुणदोष सांगताना ऐकलं. डोक्यावर केस किती दाट रोवलेत, दोन्ही डोळे एका रेषेत छापलेत का, गुडघ्याचे सांधे कुठवर वळतात, झग्याची चिकटपट्टी उघडताना कापड ओढलं जातं का. बाबा, हे लोक बघतात, म्हणाला. मोबाइलला स्टँड आणून दिला, सगळं जोडून दिलं आणि परत गेला.

बोलायला बसलो तर माझी बोबडीच वळली. टेबलावर एकटा असताना सुचणारं सगळं मोबाइलसमोर गळून जायचं. मी कागदावर लिहून काढलं, तरी वाचताना अडखळायला लागलो. बायको शेजारी शेंगा सोलत बसली होती. चार-पाच वेळा ऐकून घेतलं, मग हात झटकून उठली आणि कागद माझ्या हातातून घेतला. मी बाहुली फिरवत राहिलो, ती वाचत राहिली. ठरलं ते असं. चेहरा कुणाचाच दिसायचा नाही. हात माझे, आवाज तिचा.

पहिले दोन-तीन व्हिडिओ तिनं शाळेत धडा वाचावा तसे वाचले. चौथ्याला कागद बाजूला ठेवला आणि स्वतःच बोलायला लागली. "ह्या बाईचं गुडघं बगा. मांडी घालून बसायला येत न्हाय. आपल्यात जेवायला बसवायची कुटं हिला?" मी व्हिडिओतून ते काढून टाकणार होतो. मुलानं फोनवरून काढू दिलं नाही. लोकांना नेमकं तेच आवडलं. नंतर प्रत्येक बाहुलीला मांडी घालून बसवायची परीक्षा सुरू झाली, आणि बसली की ती म्हणायची, "ही आपली." लोक खाली लिहायचे, ताई, तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं. बाहुल्या न घेणाऱ्या बायकाही ऐकायच्या. कुणी स्वयंपाक करताना, कुणी शिवणकाम करताना.

आमचं घर भवानी पेठेत. मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग चालतात. दिवसभर खडखडाट. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त मागांना सुट्टी असेल तेव्हा, नाहीतर वीज गेल्यावर. वीज गेली की सगळी पेठ चडफडायची आणि आमच्या घरात मात्र धावपळ. ती पदरानं तोंड पुसत यायची, मी खिडकीतल्या उजेडात चादर अंथरायचो. वीज परत यायच्या आत संपवायचं असायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आम्ही दोघांनी मिळून केलेलं असं काम दुसरं नव्हतं.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याशी गाठ दिसायला लागली. तपासण्या झाल्या. थायरॉईडची गाठ, काढलेली बरी, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. गाठीला चिकटून एक बारीक नस जाते, ती आवाजाची. आम्ही जपतो, पण क्वचित धक्का बसतो, हेही सांगितलं. सही मी केली. सही करताना तिच्याकडं बघितलं, तर ती म्हणाली, "करा की, किती येळ लावताय."

ऑपरेशनच्या आधीच्या सुट्टीला तिनं एकाच दिवशी दोन बाहुल्यांचे व्हिडिओ करून घेतले. नंतर पंधरा दिवस बोलू दिलं नाही तर एक शिल्लक असावा म्हणून. दुसऱ्या बाहुलीच्या वेळी थोडी दमली होती, पण थांबली नाही.

गाठ साधी निघाली. आम्ही पेढे वाटले. आवाज मात्र आला नाही. बोलायला गेली की नुसता वारा बाहेर यायचा, आणि त्या वाऱ्यात शब्द कुठंतरी अडकलेला. सूज असेल, असं पहिले काही दिवस सगळेच म्हणाले. मग डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून बघितलं आणि पडद्यावर मलाही दाखवलं. गळ्यातल्या दोन पट्ट्यांपैकी एक हलत होती, दुसरी तशीच पडून होती. सहा महिन्यांत हलेल, वर्षानं हलेल, कदाचित हलणार नाही. डॉक्टर चांगला माणूस. आमच्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला होता. मी घरी येताना विचार करत होतो की रागवायचं तरी कुणावर. आधी सांगितलेलं होतं, सही माझीच होती.

व्यायाम दिले होते. भिंतीला हात रेटून "आ" म्हणायचं. ती सकाळी भिंतीला हात रेटून उभी राहायची, मी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसायचो. पलीकडं माग चालू झाले की तिचा "आ" मला ऐकूही यायचा नाही. नुसती पाठ दिसायची, आणि खांदे वर गेलेले.

आमच्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी येतं. टाकी भरली की ती खालून ओरडायची आणि मी मोटार बंद करायचो. आता ती वाटीनं पाइपवर ठोकते. भाजीवाल्याला हाक मारता येत नाही म्हणून दारात आधीच जाऊन उभी राहते. या गोष्टींची सवय होते, असं लोक सांगतात. तिला झाली असेल. पाइपवरचा ठोका ऐकला की मी अजून दचकतो.

सगळ्यात वाईट तिच्या आईचा फोन. आई ऐंशीच्या पुढच्या, कानांनी कमी ऐकतात. मंगळवेढ्याला मुलाजवळ असतात. आधी मायलेकी दोघीही मोठ्यानं बोलायच्या, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या फोनला ती जीव काढून बोलत होती आणि पलीकडून आई म्हणत होत्या, "अगं बोल की. फोन कट झालाय का?" दोन-तीनदा झालं, मग तिनं फोन माझ्याकडं दिला. तेव्हापासून ती माझ्या कानाशी बोलते आणि मी ते मोठ्यानं आईंना सांगतो. गुडघ्याला तेल लावता का, औषध घेतलं का. एकदा काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवून राहू दिलं. आईला सांगायचं आणि नवऱ्याला नाही, असं काही असेलच की. ते आता कुठं जात असेल, मला माहीत नाही.

चॅनेलवर लोक विचारत होते. ताई कुठं गेल्या? बाहुल्या संपल्या का? लिहून टाकतो म्हणालो तर तिनं हात जोडले. कुणाला कळायला नको होतं. शिल्लक राहिलेला व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये होता. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी तो कानाला लावून ऐकायचो. चॅनेलवर चढवावा, असं वाटत नव्हतं. चढवला की संपला. नंतर आपल्याकडं तिचं नवं बोलणं एकही उरणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं मनात बसलं होतं.

तिनंच एके दिवशी विचारलं. घोगऱ्या वाऱ्यातून, एकेक शब्द सुटा करून. "त्यो दुसरा... का न्हाय टाकला?"

मी म्हणालो, काटछाट राहिली आहे.

"मला दावा."

दाखवला. लाल केसांची बाहुली होती ती, हिरव्या कोटातली. व्हिडिओमधली ती म्हणत होती, कोट झकास हाय, पण आत अस्तर न्हाय, वरनं बडेजाव आतनं पोकळ. शेवटी बाहुली मांडी घालून बसत नाही म्हणून ती खळखळून हसली होती. ते हसणं मी काढून टाकायचं ठरवलं होतं, कारण त्यात खोकल्यासारखा आवाज आला होता. ती सगळं ऐकत बसली. चेहऱ्यावर काहीच दिसेना. संपल्यावर म्हणाली, "टाका. हसणं ऱ्हाऊ द्या." आणि उठून मेथी निवडायला गेली.

टाकला. लोकांनी पुढचा कधी म्हणून विचारायला सुरुवात केली. मग मी स्वतः बोलायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी दार लावून घेतलं आणि एक बाहुली कशीबशी पार पाडली. खाली पहिलंच कुणीतरी लिहिलं, हे काका कोण? ताईंना बोलवा. वाईट मनानं लिहिलं नव्हतं. मी तिला दाखवलं नाही, पण तिच्याही मोबाइलवर येतंच. तो व्हिडिओ मी काढून टाकला.

सध्या असं आहे की बाहुली तिच्या हातात असते आणि मी लिहिलेलं पडद्यावर उमटतं. बघणारे खूप कमी झालेत. रेकॉर्डिंगला आता वीज जायची वाट बघावी लागत नाही, माग चालले तरी चालतं. तिला हे करावंसं वाटतं की ती माझ्यासाठी करते, मला सांगता येत नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर देताना तिच्या गळ्याच्या शिरा फुगतात. म्हणून विचारत नाही. सहा महिने होऊन गेले. ती पट्टी हललेली नाही. अजून एक छोटं ऑपरेशन असतं म्हणतात, पट्टी आत सरकवायचं. ती नको म्हणते. मीही जोर करत नाही, पुन्हा सही करायची मला भीती वाटते.

गेल्या महिन्यात आम्ही मंगळवेढ्याला गेलो होतो. एसटीतून उतरून घरी पोचलो, आईंना भेटलो. आईंनी तिच्या गळ्यावरच्या खुणेवरून बोट फिरवलं, आणि दोघी हात धरून बसल्या. तेवढ्यात शेजारची एक मुलगी आली. सात-आठ वर्षांची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मोबाइलमधल्या बाहुल्यांच्या मावशी येणार आहेत. हातात जत्रेतली एक स्वस्त बाहुली होती, एक हात निखळलेला. ती थेट बायकोसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "माझी पण तपासा की."

बायकोनं बाहुली घेतली. उलटी करून बघितली, निखळलेला हात खोबणीत दाबून बसवला, केसांवरून बोटं फिरवली. मुलगी तिच्या तोंडाकडं बघत होती. मोबाइलमध्ये जे ऐकलं होतं ते ऐकायला आली होती. बायकोनं ओठ हलवले.

"ऐकू येत न्हाय," मुलगी म्हणाली.

बायकोनं परत प्रयत्न केला. अंगणात मळणीच्या यंत्राचा आवाज येत होता, शिवाय मुलगी थोडी लांब बसलेली. मला राहवलं नाही. मी बायकोच्या ओठांवरून अंदाज घेत सांगायला लागलो, मावशी म्हणतात की केस छान आहेत, फक्त जास्त ओढायचे नाहीत. मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमी न्हाय. त्या."

मी मागं सरकून बसलो. बायकोची भावजय चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यात थांबली.

बायकोनं मुलीला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मधे श्वास घ्यायला थांबायची, परत सांगायची. ऑपरेशन झाल्यापासून ती सलग एवढं माझ्याशी बोललेली मला आठवत नाही. मुलगी अजिबात न हलता ऐकत होती. मग बाहुली घेऊन ती पळत घरी गेली.

काय सांगितलंस, मी बायकोला विचारलं. तिनं हातानंच राहू दे म्हटलं. गळा दमला होता. संध्याकाळच्या गाडीत बसलो, तरी मी परत विचारलं नाही.