श्रावणात बांधलेली गाठ

किसन श्रावणात गेला. त्याच्याच भाषेत सांगायचं तर सुट्टीवर असताना गेला. सोमवार होता, तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी एक म्हातारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसली होती, आणि फोनवर किसनची मुलगी वर्षा सांगत होती, "काका, बाबा गेले. पाटलाच्या वावरात फवारनी करून राह्यले होते. छातीत दुखते म्हनून बांधावर बसले, ते उठलेच नाई." मी "आलो" म्हणालो, फोन ठेवला आणि म्हातारीचा अर्ज पुरा केला. सही कुठे करायची तेही दाखवलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहून माणसाचा हात असा होतो, की मित्र मेला तरी तो ओळ सोडत नाही. मग रिसोडहून गावाकडची एस.टी. धरली आणि खिडकीपाशी बसून रडलो. कंडक्टरनं तिकीट न मागता पुढे जाऊन परत येताना मागितलं.

किसन आमच्या गावचा खाटीक. मी जैनाचा पोर, आमचं गावात किराण्याचं दुकान. चौथीपर्यंत आम्ही एका पाटावर होतो, पुढे मी शिकलो आणि तो बापाच्या दुकानात उभा राहिला. त्याचं दुकान एस.टी.च्या थांब्यासमोर, म्हणजे रोज सकाळी मी रिसोडच्या गाडीची वाट पाहत लिंबाच्या पारावर उभा आणि समोर रस्त्यापलीकडे किसन. आमची सगळी मैत्री त्या रस्त्यावरून आरडाओरड करत चालली. तो कधी माझ्या पायरीवर चढला नाही, मी त्याच्या चढलो नाही. कुणी कुणाला मनाई केली नव्हती, पण त्याला माझ्या घराची रीत ठाऊक होती आणि मला त्याच्या दुकानाचा वास. "काय शेट, आज तरी कांदा खाल्ला का?" तो तिकडून ओरडे. "तू आधी आंघोळ कर, मंग सांगतो," मी इकडून. पारावरची माणसं हसत. रोज तेच, आणि रोज हसत.

श्रावणात मात्र रस्ता उरत नसे. आषाढाच्या शेवटच्या दिवशी किसन दोन सुरे आणि एक सत्तूर धुऊन, तेल लावून, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळी, वरून सुतळीची गाठ मारी आणि गाठोडं आढ्याला खोचून ठेवी. त्याच्या आजाची, दगडूची, रीत होती ती. महिनाभर त्या घरात कुणी हत्याराला हात लावायचा नाही. पोटासाठी मिळेल त्या वावरात निंदण, फवारणी करायची. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी करीला हळदकुंकू वाहून गाठ सोडायची, आणि मग आमच्या वऱ्हाडात करीला कोणाच्या घरी मटण शिजत नाही, सांगा! त्या दिवशी पहाटेपासून त्याच्या दारात रांग असे, पळसाच्या पानांचे ढीग संपत. पण त्याआधीचा तो एक महिना किसन माझा असे. सकाळी पारावर माझ्या शेजारी येऊन बसे, कधी काम नसलं तर सोबत रिसोडला येई आणि दिवसभर माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसून लोकांना सल्ले देई. मला तो महिना सगळ्या सणांपेक्षा प्यारा होता.

आणखी एक दिवस होता आमचा. पर्युषण संपल्यावर क्षमावाणीला आम्ही जैन लोक वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या साऱ्यांची क्षमा मागतो. त्या सकाळी मी रस्ता ओलांडून किसनच्या उघड्या दुकानापुढे जाई, नाकाला रुमाल न लावता, आणि हात जोडून म्हणे, "काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर." तो रक्ताचे हात पाठीमागे लपवी, लाजे, आणि म्हणे, "केलं जा. आता माह्या बोकडाले कोन माफी मागीन, ते पाह्य." पहिल्या वर्षी त्याला ती थट्टा वाटली असावी. पुढे पुढे तो वाट पाहू लागला. एका वर्षी मला ताप होता, तर संध्याकाळी आमच्या अंगणाबाहेर उभा राहून विचारतो कसा, "शेट आज आले नाई माफी मागाले?"

दुकान पंधरा-वीस वर्षांत बसत गेलं. थांब्याजवळच ब्रॉयलरची दोन दुकानं आली, पिंजऱ्यातून कोंबडी काढली की दहा मिनिटांत पिशवीत. बोकड महागलं, लोक रविवारीसुद्धा अर्ध्या किलोवर आले. किसन एक बोकड कापायचा तर आधी चार घरं फिरून विचारायचा, "घेता का?" नाही म्हणाले की त्या रविवारी बोकड वाचायचं. वर्षा लहान असतानाच त्याची बायको गेली होती. घरात तो आणि पोरगी, आणि पोरगी हुशार. "हे दुकान माह्यासंगच जाईन," तो म्हणे, "जाऊ दे. माही वर्षी पांढऱ्या कपड्यात दवाखान्यात हिंडली पाह्यजे." बारावीनंतर तिचा नर्सिंगला नंबर लागला, राखीव जागेतून. जातपडताळणीचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत आणून द्यायचं, या अटीवर.

इथून माझा भाग सुरू होतो. मी म्हणालो, "काळजी करू नको. माह्या हातचा अर्ज वापस येत नाई." खोटं नव्हतं ते, तालुक्यात माझं नाव होतं. पण त्यासाठी जुना कागद हवा, स्वातंत्र्याच्या आधीचा, ज्यात किसनच्या बापाची किंवा आजाची जात लिहिलेली असेल. किसनला आजाचं नाव तेवढं माहीत होतं, दगडू. दगडूचा बाप कोण, कुठून आला, काही पत्ता नव्हता. शाळेत ना आजा गेला, ना बाप. मग आम्ही दोघं किसनच्या घराण्याचा इतिहास शोधत फिरलो. वंशावळी सांगणारा भाट मानोऱ्याकडे राहतो असं कळलं, तर तो वारला होता, आणि त्याच्या वहीला वाळवी लागली म्हणून सुनेनं ती चुलीत घातली होती. शेवटी राहिलं कोतवाल बुक, गावोगावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद. तीन आठवडे मी रेकॉर्डरूमच्या चकरा मारल्या, मोडीतली पानं वाचणारा माणूस गाठला, आणि सापडलं! किसनचा बाप श्रावण, त्याच्या जन्माची नोंद. बापाचं नाव दगडू. जात... मेंढके.

मी ते दोनदा वाचून घेतलं. मेंढके म्हणजे मेंढरं राखणारे, जातच वेगळी. किसन म्हणाला, "मेंढके कोन? आमी तं खाटीक."

याचा उलगडा करायला आम्ही इंझोरीला गेलो. तिथे भागूआत्या, किसनच्या बापाची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची, ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. कागदावर काय आहे ते सांगितल्यावर ती आधी खूप हसली. "खरं हाये ते. माय सांगे आमची. भाऊ श्रावनात जलमला, म्हनून तं श्रावन नाव. अन् श्रावनात आमच्या घरात सुरी बांधली की तो शबूदबी बांधून ठेवत. खाटीक म्हनाचं नाई, महिनाभर. कोतवाल आला परगावचा, त्यानं इचारलं जात काय लिवू? बाबा काय म्हनीन? दारात चार मेंढरं बांधेल होते. म्हने, मेंढके लिव." मग तिचं हसू गेलं. किसनच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "त्याले काय मालूम बाबू, का नातवाची पोरगी शिकीन."

हत्यार बांधायची रीत किसनपर्यंत आली होती, शब्द बांधायची आली नव्हती. त्यानं ते ऐकलं आणि मान हलवली, जणू आजाचं बरोबरच होतं. मला मात्र एक वाट दिसली. आत्या संक्रांतीच्या आसपासची. म्हणजे तिच्या जन्माला सुरे मोकळे होते, शब्द मोकळा होता, तिच्या नोंदीत 'खाटीक'च असणार! परतीच्या गाडीत आम्ही दोघं पोरांसारखे खूष होतो. किसननं वर्षाला फोनही केला. आठ दिवसांनी रेकॉर्डरूममधून मला शिक्का मारलेलं उत्तर मिळालं: त्या सालाचं बुक जीर्ण, नक्कल देता येत नाही. मी तिथल्या कारकुनाला विनवून ते बुक बघितलं. हात लावताच पानांचा भुगा होत होता. तो तरी काय करणार.

आता आमच्याकडे एकच जुना कागद होता, आणि तो आमच्याविरुद्ध होता. किसन माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "हा लावलाच नाई तं?" हे मला नीट लिहिलं पाहिजे. जुना कागद नसतानाही कामं होत. घरी चौकशी होई, नातेवाइकांचे जबाब होत, वेळ लागे, पण कधीकधी होत. मला ते माहीत होतं. पण तीन आठवडे धूळ खाऊन मी काढलेला कागद होता तो, आणि मला वाटलं, मी असा खुलासा लिहीन की वाचणारा थक्क होईल. मी म्हणालो, "खरा कागद लपवाचा कायले? आत्याचं शपथपत्र जोडतो, सगळं उलगडून लिवतो." चार पानी खुलासा लिहिला. आयुष्यात त्याहून चांगलं काही लिहिलं नाही मी. किसन म्हणाला, "तू म्हनतं तं लाव." त्यानं वाचूनही पाहिलं नाही.

पडताळणी समितीपुढच्या सुनावणीच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. फाटकावरच्या शिपायानं उघडायला लावलं, तर आजाच्या वेळचा सुरा! दगडूच्या हाताचा, मूठ झिजून बोटांच्या खाचा पडलेला. शिपाई दोन पावलं मागे सरला. मी कपाळावर हात मारला. "हे काय आनलं, किसन?" तो शांतपणे म्हणाला, "पुरावा आन म्हने ना." सुरा फाटकावरच्या टेबलाखाली ठेवून आम्ही आत गेलो. आत विचारलं, कागदाशिवाय आणखी काही आहे का? किसननं माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाच्या दिशेनं पाहिलं, आणि "नाई साहेब" म्हणाला. साहेब वाईट नव्हते. आत्याचं शपथपत्र त्यांनी पूर्ण वाचलं. पण ते आजचं, आणि नोंद तेव्हाची. निकाल आला त्यात माझ्या चार पानांविषयी अर्धी ओळ होती. दावा अमान्य, कारण अर्जदारानं स्वतःच सादर केलेल्या जुन्या नोंदीत जात वेगळी आहे. 'स्वतःच सादर केलेल्या' हे शब्द मी किती वेळा वाचले, सांगता येणार नाही.

वर्षाचा प्रवेश रद्द झाला. ती ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरली तेव्हा मी पारावरच होतो. किसन पलीकडून आला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि मला म्हणाला, "ऊन लै हाये शेट, सावलीत उभा राह्य." एवढंच. मला त्यानं त्याविषयी पुढे एक शब्द विचारला नाही. वर्षा आता रिसोडला औषधांच्या दुकानात उभी असते. पांढरा कोट तिला तिथेही देतात.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. त्यानंतर महिन्याभरात क्षमावाणी आली. मी सकाळी पारावर उभा होतो. किसन दुकानात ओंडक्यामागे उभा होता, गिऱ्हाईक नव्हतं, आणि तो माझ्याकडे पाहत होता. मी बघताच त्यानं हात पाठीमागे नेले, दरवर्षीसारखे. तीस पावलांचा रस्ता. इतकी वर्षं मी तो ओलांडला, कारण माफी मागण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी होतं... आणि गाडी आली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं नाही. वाटलं, पुढच्या वर्षी मागू, तोवर जखम थोडी वाळेल. यंदाच्या श्रावणात तो पारावर माझ्याजवळ येऊन बसला, नेहमीसारखा, कांद्याची थट्टाही केली. मी रोज सकाळी ठरवत होतो, आज बोलू.

यंदा कर आली आणि गेली. किसनचं दुकान बंद होतं, रांग ब्रॉयलरच्या दारात होती. संध्याकाळी वर्षा गाठोडं घेऊन आमच्या अंगणाबाहेर उभी राहिली. "काका, हे सोडाले कोनी नाई राह्यलं. भंगारवाल्याले देववत नाई. तुमच्याकडे ठेवता का?" जैनाच्या घरी खाटकाचे सुरे... मी दोन्ही हातांनी घेतलं. वाटलं होतं त्याहून जड होतं. घरी सांगितलेलं नाही. रिसोडला माझ्या टेबलाजवळच्या कपाटात, कोऱ्या स्टॅम्पपेपरांच्या मागे ठेवलं आहे.

परवा क्षमावाणी झाली. गिऱ्हाइकं येण्याआधी मी कपाट उघडलं, गाठोडं टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. तोंडातून शब्द निघेना, तेव्हा लक्षात आलं की मला कागदावर लिहिल्याशिवाय माफी मागता येत नाही. म्हणून कागद घेतला. विषय लिहिला, अर्जदाराच्या जागी माझं नाव लिहिलं. खाली चूक लिहिली, दोनच ओळी. कुणाकडे द्यायचा ती जागा कोरी राहिली. सुतळीची गाठ किसनच्या हातची आहे, आषाढात मारलेली, घट्ट. कागद घडी करून मी तिच्याखाली सरकवून पाहिला. जात नव्हता.