अमृतप्पाचं ताक

माझा दीर अमृतप्पा भालकीजवळच्या आमच्या मेहकरात शिवणकाम करायचा. बाईकडे एकदा बघितलं की चोळीचं माप त्याच्या डोक्यात पक्कं व्हायचं. बाहत्तर सालाच्या आसपास त्याला वाटू लागलं की गिऱ्हाइकं त्याच्यावर पाळत ठेवतात, भाकरीत कुणीतरी विष घालतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे वीरण्णांनी, त्याला शहरातल्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत मशीन पुन्हा चालू लागलं. गोळ्या द्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी मुळात संशयी बाई. दुधातसुद्धा बोट बुडवून बघते. अमृतप्पा सकाळी तांब्या घेऊन ओढ्याकडे जायचा, तास तास बसायचा आणि भरला तांब्या तसाच घेऊन परत यायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा गोळ्या जिभेखाली दडवतोय आणि तिकडं जाऊन थुंकतोय! मग हातावर द्यायच्या त्या देतच राहिले, शिवाय तेवढ्याच कुटून त्याच्या ताकात घालू लागले. घरात कुणाला सांगितलं नाही.

आठवड्याभरात त्याचं जेवण सुटलं. पोट फुगलेलं दिसत होतं. एका दुपारी पेला बाजूला सारून तो म्हणाला, "वैनी, ताक कडू लागायलंय. काय घालायलाव त्यात?"

मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून शपथ घेतली की काहीच नाही. ह्यांनी कपाळाला हात लावला. जुना आजार उलटला, असंच त्यांना वाटलं. मी ताक चालूच ठेवलं.

चौथ्या दिवशी त्याला हिरव्या उलट्या सुरू झाल्या. बैलगाडीनं भालकी, तिथून बसनं बीदर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवताच विचारलं, परसाकडे होऊन किती दिवस झाले. ते विचारायचं आम्हा दोघांनाही कधी सुचलं नव्हतं. अमृतप्पाच क्षीण आवाजात म्हणाला, "बारा."

त्याला आत नेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, या गोळ्यांनी आतडं सुस्त पडतं. आणखी एखादा दिवस गेला असता तर ते फुटून माणूस हाती लागला नसता. रोज किती देता, असंही विचारलं. ह्यांनी आकडा सांगितला. मी पुढं होऊन त्याच्या दुप्पट सांगितला.

नळ्या, एनिमा, नऊ दिवस. अमृतप्पा वाचला. गोळ्या कमी झाल्या, बंद नाही झाल्या, आणि परसाकडे झालं का हे रोज विचारायची ताकीद मिळाली. निघायच्या दिवशी तो खाली बघत म्हणाला की तुम्ही लिंगाची शपथ घेतली तरी मी तुमच्यावर शंका घेतली, माफ करा. मला ते ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं.



"म्हंजे ताक खरंच कडू व्हतं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी येडा न्हवतो."

एवढं बोलून तो हमसून रडला. माझ्या पापाबद्दल मात्र त्यानं एक शब्दही काढला नाही.