वासापुरता स्वयंपाक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक प्लंबर राहतात. सगळे त्यांना नळकाका म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही. साठी उलटलेली, हाताचे पंजे फावड्यासारखे, बोलणं मोजून-मापून. सिंकखालून बाहेर आले की म्हणायचे, "गळत होतं. आता नाही." झालं भाषण.

त्यांच्या वाटचं बोलायचं काम काकूंचं. काकू कापडाच्या दुकानात काउंटरवर असत. दिवसभर उभ्याने मीटरपट्टी आणि कात्री, आणि घरी आल्यावर पायांना आराम म्हणून स्वयंपाकघरात उभ्या, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. बाजारात ज्याचा ढीग सगळ्यात मोठा, ते आज आपल्या घरात, एवढा एकच त्यांचा नियम. थंडीत अख्खी कोंबडी, तिच्याभोवती गाजरं, कांदे, सालासकट लसूण, असा ट्रे ओव्हनमध्ये जायचा आणि आम्हाला वरच्या मजल्यावर जेवण झालेलं असलं तरी पुन्हा भूक लागायची. थंडी सरताना कोवळे वाटाणे, लोण्यात दोनच मिनिटं. मग जर्दाळू, पीच. उन्हाळा उतरणीला लागला की आलुबुखार: अर्धे चिरून, साखर भुरभुरून, वर लोणी-पिठाचा चुरा घालून भाजलेले, कडेकडेने गर्द लाल रस उकळून वर आलेला. ओव्हन जुना, जाड लोखंडी दाराचा. एका बंद पडलेल्या खानावळीतून काकांनी तो आणला आणि दुरुस्त केला. स्वयंपाकात काकांचा हातभार तेवढाच. बाकी बसायचं, जेवायचं आणि "चांगलं झालंय" म्हणायचं.

काकूंना पहिला घास अडकला तो पावाचा. पाणी पिऊन तो खाली गेला आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढे दोन-अडीच महिने त्या मऊ मऊ खात राहिल्या, मग पातळ पातळ. एका आठवड्यात चार संध्याकाळी घरात सूप झालं. काका मला म्हणाले होते, "मला वाटलं, सूपचा मोसम असेल." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

अन्ननलिकेत गाठ होती, आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून एक नळी बसवली. आता जे काही जायचं ते त्या नळीतून: दूध, डाळीचं पाणी, डब्यातली पावडर. तोंडाने काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. चुकून श्वासनळीत गेलं तर फुप्फुसात उतरेल आणि तेवढ्यानेच सगळं संपेल. तोंड फारच कोरडं पडलं तर ओल्या कापसाने ओठ पुसायचे.

नळीचं काम काकांनी एका दिवसात उचललं. नर्सने दाखवायला सुरुवात केली तोच म्हणाले, घट्ट काही गेलं की मागून कोमट पाणी सोडायचं, नाहीतर आतून थर धरतो. नर्स हसली आणि म्हणाली, तुम्हाला शिकवायची गरज नाही. त्या दिवसापासून ती नळी एकदाही तुंबली नाही. काकूंना त्याचं कौतुक वाटायचं. चाळीस वर्षं लोकांचे नळ केलेत, आता घरचा आलाय, असं त्या घोगऱ्या आवाजात भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या, आणि हसावं की नाही हे न कळून लोक चहाच्या कपाकडे बघत बसायचे.

पण स्वयंपाकघर बंद झालं. काका कामावर असतानाच, कुणाच्या तरी गच्चीत टाकीजवळ बसून पुडीतलं काहीतरी खाऊन घ्यायचे आणि घरी येताना नळावर चूळ भरून यायचे. बायकोचं तोंड शिवलेलं असताना आपण चघळत घरात शिरायचं, हे त्यांच्याने होईना.

महिनाभराने काकूंनी विषय काढला. घरात कसलाच वास येत नाही, म्हणाल्या. औषधाचा येतो, फिनेलचा येतो, बस. सकाळी डोळे उघडले की आपण अजून हॉस्पिटलातच आहोत असं वाटतं. मग म्हणाल्या, "अहो, उद्या कोंबडी आणा. भाजायची आहे."

काका म्हणाले, मला जमायचं नाही. खरं कारण ते नव्हतं आणि ते काकूंनाही ठाऊक होतं.

"मला गिळता येत नाही," काकू म्हणाल्या. "नाक शाबूत आहे माझं."

दुसऱ्या दिवशी काकांनी कोंबडी आणली. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, मांडीवर शाल घेऊन काकू बसल्या आणि सूचना देऊ लागल्या. मीठ आतूनसुद्धा चोळा. लोणी कातडीखाली सरकवा, फाटू देऊ नका. पाय बांधा. दोरा सापडेना, तेव्हा काकांनी हत्यारांच्या पिशवीतून नळाच्या जोडाला गुंडाळायचा ताग काढला आणि कोंबडीचे पाय असे आवळले की काकू म्हणाल्या, आता ही काही गळत नाही. पहिली कोंबडी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची झाली. दुसरी बरी. तिसऱ्या खेपेला जिन्यातून तो जुना वास वर आला. माझी बायको हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहिली.

भाजून झालं की काका ताटली घेऊन मागच्या अंगणात जायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या-उभ्याच खायचे. काकूंनी दोनदा ते चालू दिलं. तिसऱ्यांदा त्यांना राग आला. मी काय परकी आहे का, म्हणाल्या. चाळीस वर्षं समोर बसून जेवलात, आता पाठ दाखवता? काका येऊन टेबलाशी बसले. घास तोंडात घातला. काकू बघत होत्या.

"कशी झालीय?"

"चांगली."

"चांगली म्हणजे कशी?"

काकांना सांगता येईना. आयुष्यभर एकच शब्द वापरलेला माणूस, दुसरा आणणार कुठून? काकूंनी मग डॉक्टरांसारखं एकेक विचारून घेतलं. कातडी दातांखाली मोडते की चिवट लागते? गाजर गोड झालंय का? लसूण सालातून आपोआप सुटतो की दाबावा लागतो? काका खात होते, थांबत होते, विचार करून उत्तर देत होते. त्या दिवशीचं जेवण दीड तास चाललं. एवढा वेळ ते दोघं एका टेबलाशी बसून बोलले असतील, तर लग्नाआधी.

मग ते नेहमीचंच झालं. कोवळे वाटाणे आले तेव्हा काकूंनी शेंगा स्वतः सोलल्या आणि प्रत्येक शेंग मोडून आधी नाकाशी नेली. पीच आले तेव्हा काका म्हणाले, ऊन लागलेल्या सतरंजीवर लोळल्यासारखं वाटतं. काकूंना ते इतकं आवडलं की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. काका कानकोंडे होऊन बाहेर निघून जायचे.

काकूंची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. ती एका रविवारी न सांगता आली. दार उघडंच होतं. आत बघते तर बहीण हाडांचा सापळा झालेली खुर्चीत बसली आहे आणि मेव्हणे तिच्यासमोर भाजलेली कोंबडी चवीने खात आहेत. तिने पिशवी खाली ठेवली नाही. म्हणाली, "भाऊजी, लाज नाही वाटत? तिच्या डोळ्यांदेखत?"

काकूंनी तिला समजवायचा प्रयत्न केला, पण आवाज घोगरा आणि बहिणीचा चढलेला. उपाशी माणसाच्या तोंडासमोर घास फिरवण्यासारखं दुसरं पाप नाही, असं म्हणून ती निघून गेली. काका उठून ताटली उचलायला लागले. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि अजून गाजराचं सांगितलं नाहीत, म्हणाल्या.

बहीण पुढे तीन महिने आली नाही. रोज फोन करायची, पण काकांशी बोलायची नाही.

उन्हाळा उतरणीला लागला तोवर काकूंना खुर्चीत बसवेनासं झालं होतं. काकांनी पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवला. बाजारात आलुबुखार आले. ओव्हनचं दार उघडलं आणि आंबटगोड, जरासा जळका, साखरेचा वास खोलीभर पसरला, तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांना वाटलं, झोप लागली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला एक चमचा रस द्या."

काका म्हणाले, डॉक्टर काय म्हणालेत माहीत आहे ना.

"एकच चमचा. जिभेवर."

"नाही गं. श्वासनळीत गेलं तर? मला नाही जमणार ते."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बरं. काकांनी कापूस पाण्यात भिजवून त्यांचे ओठ पुसले. त्या दिवशी कसं झालंय असं काकूंनी विचारलं नाही. काकांनीही ते खाल्लं नाही. ट्रे तसाच गार झाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. आम्ही आनंदाने खाल्लं. आम्हाला काय माहीत होतं?

त्यानंतर काकूंनी पुन्हा काही मागितलं नाही. अकराव्या दिवशी दुपारी त्या गेल्या. धाकटी बहीण पोचली तेव्हा काका नळी आणि सिरिंज गरम पाण्यात धूत होते. कुणी सांगूनही थांबले नाहीत. धुऊन, फडक्यावर उलटं वाळत घालून मगच बाहेर आले.

दोन आठवड्यांनी उरलेलं सामान कुणा गरजूच्या उपयोगी पडेल म्हणून ते हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी बसायला सांगितलं, शेवटचे दिवस कसे गेले विचारलं. काकांनी सगळं सांगितलं, रसाचंसुद्धा. तुमचं ऐकलं, दिला नाही, असं म्हणाले. त्यांना बहुतेक शाबासकी हवी होती. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मी सांगितलं ते सुरुवातीचं होतं, काका. त्या दिवसांत दिला असतात तरी चाललं असतं. निदान कापूस त्या रसात बुडवून ओठांना लावायचा."

काका चालत घरी आले. बसने चाळीस मिनिटं लागतात.

त्यानंतर त्यांनी कामं घेतली आणि वेळेवर केली, पण बोलणं होतं तेवढंही आटलं. गळत होतं, आता नाही, हेसुद्धा म्हणेनात. ओव्हनवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा साठला. थंडी पडली तेव्हा एकदा धाकटी बहीण आली. काकूंचे कपडे आवरायचे होते. कपाट रिकामं करताना काका दाराशी उभे राहिले आणि तिने काही विचारलेलं नसताना त्यांनी तिला चमच्याचं सांगितलं. तू म्हणालीस ते पाप खरंच झालं माझ्या हातून, म्हणाले, फक्त तुला वाटलं तसं नाही.

ती घडी घालत होती ती साडी तिने मांडीवर ठेवली.

"मी असते तर दिला असता," ती म्हणाली. "आणि ठसका लागून तिथेच गेली असती, तर आज मी तुमच्यासारखी दाराला टेकून उभी असते."

काकांनी मान हलवली. एवढ्याने बरं वाटलं असं नाही. बरं वाटत नाही, असं त्यांनी मला पुढे स्पष्टच सांगितलं; पण ते ओझं दोघांत वाटलं गेलं, म्हणाले. कपाट आवरून झाल्यावर तिने भीत भीत विचारलं, भाऊजी, ताई म्हणायची तुम्हाला आता कोंबडी छान भाजता येते. खरं का? काकांनी ओव्हनवरची वर्तमानपत्रं खाली उतरवली.

आता ती रविवारी येते. गुडघे दुखतात म्हणून बसस्टॉपपासून थांबत थांबत चालत येते. पिशवीत त्या आठवड्याचं जे असेल ते असतं, कधी भोपळा, कधी बीट, कधी पिकून मऊ पडलेले पेअर. काका भाजतात. आलुबुखार ती आणत नाही आणि काका मागत नाहीत. काही रविवारी काकूंचा विषय निघतो, काही रविवारी शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या कटकटींवरच सगळा वेळ जातो. एकदा मी पाना परत करायला गेलो तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. काका ओव्हनसमोर बुटक्या स्टुलावर बसून आतल्या ट्रेकडे बघत होते आणि ती मागे खुर्चीत, तोंड किंचित उघडं ठेवून, झोपली होती. त्यांनी मला बोटाने खूण केली, आवाज करू नका. मी पाना खाली ठेवून निघालो. जिन्यात असताना ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग काकांचा, अगदी हलका: "ऊठ. जेवायला चल."