टीसी सत्काराच्या दिवशी मिळेल

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात टीव्हीच्या वर एक काचेचं शोकेस आहे. बायकोला त्यात काचेचा सेट मांडायचा होता. पण घर बांधून झालं त्याच वर्षी मुलगी चौथीच्या शिष्यवृत्तीत आली. तिची पहिली ट्रॉफी त्या शोकेसमध्ये गेली आणि काचेचा सेट स्वयंपाकघरातल्या माळ्यावर खोक्यातच राहिला.

निकाल लागले की आमच्याकडं सत्कारांचा हंगाम सुरू होतो. समाजाचा गुणगौरव वेगळा, पतसंस्थेचा वेगळा, वॉर्डाच्या नगरसेवकाचा वेगळा आणि क्लासवाल्यांचा आणखी वेगळा. शाल, श्रीफळ, ट्रॉफी आणि ट्रॉफीपेक्षा मोठा साहेबांचा फोटो असलेलं प्रशस्तिपत्र. मुलगी लहान असताना शाल तिच्या पायात यायची. नारळाची चटणी व्हायची. प्रशस्तिपत्रं मी लॅमिनेट करून आणायचो.

मी हिशेबाच्या खात्यात नोकरी केली. एखादी गोष्ट मोलाची आहे असं कोणी म्हणालं, की किती, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. त्यामुळं प्रत्येक सत्कारात मी कोणाला ना कोणाला विचारायचो, "पुढं ॲडमिशनला याचे किती मार्क धरतात?" चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे दहावीला मार्क मिळतात, खेळाचे मिळतात, मग याचे किती? उत्तर ठरलेलं असायचं. "अहो, असं आकड्यात नसतं. पण किंमत आहे. लई किंमत आहे."

लई म्हणजे किती, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. तरी मी मनात काहीतरी धरून चाललो होतो. इतकी माणसं बोलतायत, तर काहीतरी असणारच.

मुलगी अकरावीला एका संस्थेच्या कॉलेजात गेली. तिथं गणित शिकवणारे सर आमच्याच गल्लीत राहायचे. ते बिडकीनकडचे, मीही तिकडचाच. त्यामुळं आमच्यात साहेब-बिहेब नव्हतं. ते मला भाऊ म्हणायचे, मी त्यांना सर. संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहायचे आणि आतल्या मुलीला ओरडून विचारायचे, "काय गं, इंटिग्रेशनचं गणित सुटलं का माझ्याच डोक्यावर टाकतेस?" ती आतून म्हणायची, "सुटलं सर, तुमचंच उत्तर चुकलं होतं!" ते हसत. खरंच एकदा त्यांचं उत्तर चुकलं होतं आणि त्यांनी ते वर्गात सांगितलं होतं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथं.

मुलीला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं, तेही सरकारी कॉलेजातून. आमच्या घरावर एक खोली चढवायची होती, तिचा नकाशा तिनं अकरावीतच काढला होता. जिना बाहेरून घेतला होता. माझ्या आईचे गुडघे धरून पायऱ्या बसक्या ठेवल्या होत्या. गवंड्याला दाखवला तर तो म्हणाला, "मालक, हे मोजमाप बराबर आहे. कुणी काढलं?" मुलगी चार दिवस त्याच आनंदात होती.

बारावीत ती कॉलेजात पहिली आली. प्रवेश परीक्षेतही चांगले मार्क पडले. निकालानंतर मी टीसी मागायला कॉलेजात गेलो. शाळा सोडल्याच्या त्या दाखल्याशिवाय पुढं कुठंच प्रवेश होत नाही. हेडक्लार्कनं चष्म्यावरून बघितलं.

"पहिली आलेली ना? मग टीसी सत्काराच्या दिवशी मिळेल. गुणवंतांना अध्यक्षसाहेबांच्या हस्ते देतात. पुरस्कार, टीसी, सगळं एका फाइलीत."

"आणि त्याआधी लागली तर?"

"आधी कशाला लागते? आणि आधी दिली तर सत्काराला येतं कोण?"

तो हसत म्हणाला म्हणून मीही हसलो. ही त्यांची दरवर्षीची पद्धत होती. पहिल्या नंबरांची मुलं स्टेजवर आली नाहीत तर फोटो कोणाचा काढायचा आणि होर्डिंगवर लावायचा कोणाचा? संध्याकाळी सरांना विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, मिळून जाईल. आमच्या संस्थेचा गुणवंत पुरस्कार फाइलीत असला की पुढचे कॉलेजवाले उठून उभे राहतात."

"किती मार्क धरतात?"

"तुम्ही अन् तुमचे मार्क!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पहिल्याच फेरीत मुलीला सरकारी कॉलेजात सिव्हिलची जागा लागली. तिची पहिली पसंती तीच होती. नियम साफ होता. पहिल्या पसंतीची जागा लागली की ठरलेल्या मुदतीत जाऊन प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा जाते आणि पुढच्या फेऱ्यांतूनही नाव जातं. आम्ही पहिल्याच दिवशी कागदपत्रं घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी एकेक कागद पाहिला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. टीसी राहिली. शेवटच्या दिवशी पाचपर्यंत आणा."

तडक कॉलेजात गेलो. हेडक्लार्क म्हणाला, फाइली बांधून अध्यक्षांच्या घरी गेल्या. सत्कार कधी आहे विचारलं, तर तो नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवशी निघाला. सकाळी अकराला, गारखेड्यातल्या मंगल कार्यालयात.

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि माझा हात हातात घेतला. "भाऊ, अकराला सुरू, दोनला तुम्ही मोकळे. तिचा नंबर पहिला आहे, म्हणजे तिला पहिली सोडतो. माझी जबाबदारी. पोरगी माझी नाय का?"

एवढं ऐकल्यावर मी आणखी काय विचारणार होतो?

सत्काराच्या दिवशी आम्ही वेळेच्या आधी पोचलो. मुलांना फेटे बांधले. मुलीच्या फेट्याचा शेमला खांद्यावरून खाली येत होता, तो ती सारखा मागं टाकत होती. स्टेजवर टेबलावर लाल रिबिनीत बांधलेल्या फाइली रचलेल्या होत्या. सगळ्यात वरची तिची. पहिल्या रांगेतून तिला स्वतःचं नाव वाचता येत होतं.

प्रमुख पाहुणे कुठल्याशा उद्घाटनात अडकले होते. जेवणाची वेळ गेली. मुलांना वडापाव वाटले. दोन वाजून गेले. मी स्टेजच्या मागं जाऊन हेडक्लार्कला म्हणालो, "आमची फाइल तेवढी द्या. फोटोला आम्ही परत येतो."

"साहेबांच्या हस्ते द्यायची आहे. वरची फाइल मी काढून देऊ? नोकरी घालवता का माझी?"

सर तिथंच हार मोजत होते. "सर, तुम्ही सांगा ना."

"भाऊ, पाच मिनिटं. गाडी क्रांती चौकात आली म्हणे."

गाडी बराच वेळ क्रांती चौकातच होती. मुलगी दोनदा माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, उठू या का?" पण टीसी स्टेजवर होती, उठून करणार काय? तिसऱ्यांदा ती मला काही म्हणाली नाही. ती सरळ उठली, फेट्यासकट स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेली आणि सरांना म्हणाली, "सर, मला टीसी द्या. माझी जागा जाईल."

सर तिच्याकडं न बघता म्हणाले, "बस, बेटा. असं स्टेजवर येत नसतात."

आधी फाटकावरून तिला हाका मारणारा माणूस तो. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि येऊन बसली. त्यानंतर त्या दोघांचं कधी बोलणं झालं नाही.

पाहुणे आले तेव्हा चार वाजून गेले होते. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं. मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांनी मुलीला वर बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकवर म्हणाले, "ही आपल्या संस्थेची लेक! आज सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतेय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीच्या हातात फाइल होती आणि अध्यक्षांनी फोटोसाठी ती दुसऱ्या बाजूनं धरून ठेवली होती. फोटोग्राफर म्हणत होता, "इकडं बघा, हसा जरा."

मी स्कूटर कशी काढली ते आठवत नाही. ती मागं बसली होती, एका हातात ट्रॉफी, काखेत फाइल. सरकारी कॉलेजच्या फाटकावर शिपाई म्हणाला, "काय, वरातीतून आलात का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या डोक्यावर फेटा तसाच आहे.

अधिकारी टेबल आवरत होते. त्यांनी घड्याळाकडं नाही, कॉम्प्युटरकडं बोट केलं. "पोर्टल पाचला बंद झालं. ते मुंबईहून बंद होतं, माझ्या हातात नाही. काका, मी तुमचीच वाट बघत होतो."

मी रिबीन सोडली. वर पुरस्काराचं प्रशस्तिपत्र होतं, खाली टीसी. मी दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं आणि जे इतकी वर्षं विचारत होतो तेच विचारलं. "याचे किती धरता तुम्ही?"

त्यांनी प्रशस्तिपत्र वाचलं. माणूस सज्जन होता, खालच्या सहीपर्यंत सगळं वाचलं.

"शून्य," ते म्हणाले. "कुठल्याच पुरस्काराचं इथं काही धरत नाहीत. आणि काका, तिला गरज कुठं होती? तिच्या मार्कांवर जागा तिला मिळालेलीच होती की."

नेमका आकडा मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला.

आम्ही अर्ज केले, खेटे घातले, काही झालं नाही. आठवड्यानं सर घरी आले. अध्यक्षांचा निरोप होता. संस्थेच्या स्वतःच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या जागा रिकाम्या होत्या, "आपल्या गुणवंत लेकीला" फीमध्ये सवलत मिळणार होती. त्यांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडं पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय मी कोणाच्या नावावर काही टाकत नाही. पण मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आतूनच तिच्या आईला म्हणाली, "त्यांना सांग, मला तिथं परत फेटा बांधून बसायचं नाही."

मी तिला पुन्हा परीक्षा दे म्हणालो. ती म्हणाली, "मला मिळालं होतं, बाबा. जे मिळालं होतं ते परत काय मिळवू?" तिनं बी.एस्सी. केलं. आता बँकेत आहे. वरची खोली आम्ही पुढं बांधली. गवंडी तिचा नकाशा मागायला आला, तेव्हा तिनं तो सापडत नाही म्हणून सांगितलं. जिना आतून निघाला आणि पायऱ्या उंच झाल्या.

त्या पावसाळ्यात गारखेड्याच्या चौकात संस्थेचं होर्डिंग लागलं. फेट्यातला तिचा फोटो, खाली सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव आणि त्याखाली 'निवड'. मी सरांना म्हणालो, निदान एवढं तरी उतरवा. ते म्हणाले, "भाऊ, छापून झालंय. आणि निवड तर झालीच होती ना?" ते होर्डिंग पुढच्या वर्षीच्या निकालापर्यंत तिथंच होतं. बी.एस्सी.च्या कॉलेजला जाताना मुलगी लांबच्या रस्त्यानं जायची.

मला माहीत होतं की सर नोकरदार आहेत. स्टेजवरची फाइल उचलणं त्यांना जड गेलं असेल. दोन वर्षं मी स्वतःची अशीच समजूत घालत आलो. माणूस वाईट नाही, पद्धत वाईट आहे.

दोन वर्षांनी सरांचा मुलगा त्याच कॉलेजातून बारावी झाला आणि पहिला आला. सर पेढे घेऊन आमच्याकडं आले. मी पेढा हातात घेतला आणि तोंडातून सवयीनं प्रश्न निघाला. आमच्या गल्लीत कोणाचंही मूल पास झालं की आजही मी आधी तेवढंच विचारतो.

"टीसी घेतली का?"

"कधीच!" सर म्हणाले. "निकालाच्या दुसऱ्या दिवशीच काढून घेतली. हेडक्लार्कला म्हणालो, सत्कार-बित्कार होत राहील, पोराचं नुकसान नको."

मग त्यांची नजर माझ्यावरून मागं शोकेसवर गेली आणि तिथून खाली जमिनीवर आली. आतल्या खोलीत मुलीचा पंखा चालू होता. तिनं ऐकलं की नाही, मी तिला कधी विचारलं नाही.

मी पेढा डब्यात परत ठेवला आणि डबा त्यांच्याकडं सरकवला. ते उठले, चपला घातल्या आणि फाटक लावून घेऊन गेले. संध्याकाळी बायकोनं माळ्यावरचं खोकं खाली काढलं आणि मला काही न विचारता शोकेस रिकामं करायला घेतलं.