पळसदरीच्या गच्चीवरचा समुद्र

दाभणे सरांच्या पळसदरीच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि माझ्या आलेखाकडे चोराकडे पाहावं तसं पाहिलं. "फारच छान जुळतंय. आकड्यांना कुठे हात लावलास?" खालापूरहून धडपडत आलेली मी रडवेली झाले. तरी त्यांनी मला पीएचडीसाठी घेतलं.

जमिनीने वेढलेल्या समुद्रांवर हजारो वर्षांपूर्वी पाऊस किती पडे, पाणी किती आटे, हे सर संगणकावर मांडतात. हलक्या ऑक्सिजनचं पाणी आधी उडतं. जड पाणी आणि मीठ मागे राहतं. त्यावरून ते जुनं हवामान शोधतात. या विषयात त्यांचा दबदबा आहे, पण स्वतःच्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास नसतो.

माझं सूत्र त्यांच्याहून वेगळं होतं. दोन्ही तपासायला आम्ही गच्चीवर मिठाच्या पाण्याचा टप ठेवला. माझ्या मते पाणी बरंच जड व्हायला हवं होतं, सरांच्या मते थोडंच. महिनाभर नमुने सरांच्याच बाजूने येत गेले. माझा प्रबंध बुडत होता. मी टपाच्या आत पेन्सिलीने खूण केली, तर दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या वर. म्हणजे कोणीतरी साधं, हलकं पाणी ओतून टपातलं पाणी जड होऊ देत नव्हतं. घरात राहणारे सर एकटेच. संशय दुसऱ्या कोणावर घेणार? ते रोज मला स्टेशनवर सोडून गाडी येईपर्यंत थांबत, तेही मला पाळत ठेवणं वाटू लागलं.

एका दुपारी मी टाकीमागे दबा धरून बसले. वर आल्या धुणीभांडी करणाऱ्या हिराबाई, मूळच्या कशेळ्याकडच्या. त्यांनी तांब्याभर पाणी टपात ओतलं. मी ओरडले, तसे सरही वर आले.

"पानी आटलं का मीठ टपाला धरतंय गं," हिराबाई म्हणाल्या. "मंग घासायचं कोनी? मीच ना? म्हनून वतते रोज एक तांब्या."

सर रागावले नाहीत. त्यांनी तांब्यातलं पाणी मोजलं आणि समुद्राला नदी मिळते तसं ते दोन्ही सूत्रांत धरलं. माझं सूत्र बरोबर निघालं. सरांनी आपली चूक छापून कबूल केली आणि आभारांत हिराबाईंचं नाव घातलं.

पदवी मिळाल्यावर मी सांगून टाकलं, "सर, माझा संशय तुमच्यावर होता."

"ठाऊक आहे. ती खूण मीही रोज बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटत होतं, मला खूश करायला तूच पाणी ओततेस."

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. सर मात्र वाचून विचारतील, कोणाला खूश करायला?