हरलेल्यांचे जज्ज

हरूनही मान मिळवायचा असेल, तर माणसाने माझ्या बायकोच्या काकांसमोर हरावं. काका इंग्लंडमध्ये लेस्टरच्या कोर्टात डिस्ट्रिक्ट जज्ज होते. नागपूरहून आलेला हा माणूस आधी एका सॉलिसिटरच्या ऑफिसात फायली वाहत होता, मग स्वतः सॉलिसिटर झाला आणि शेवटी थेट जज्जाच्या खुर्चीत बसला. घरमालक आणि भाडेकरूंची भांडणं, घर खाली करण्याचे दावे, असली जिवावर येणारी कामं त्यांच्याकडे. निकाल देताना जिंकलेल्याकडे ते बघतसुद्धा नसत. हरलेल्याकडे वळून, साध्या इंग्रजीत, तो का हरला ते सगळं सांगत आणि शेवटी विचारत, "समजलं का? नाहीतर पुन्हा सांगतो." मी एकदा मागे बसून हे पाहिलं. घर गेलेला एक दांडगा इंग्रज बाहेर पडताना त्यांना "थँक यू, सर" म्हणाला.

ही सवय कोर्टात ठेवून घरी येतील तर ते काका कसले! बेलग्रेव्ह रोडवर ज्या भाजीवाल्याची वांगी घेतली नाहीत, त्याच्या दुकानात परत जाऊन कारणं देऊन यायचे. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांची स्पर्धा होती, परीक्षक काका. पहिला नंबर एका दमात जाहीर करून काकांनी उरलेल्या बायकांना एकेक करून पारी आणि सारण यांचा इतका आदराने हिशेब दिला, की जिंकलेल्या वहिनीच रुसल्या. "मला काहीच एक्सप्लेन केलं नाही," म्हणाल्या.

दोन हजार सालानंतर मात्र काकांना कमी ऐकू यायला लागलं. कानात यंत्र आलं. काकू धास्तावल्या, कारण निवृत्तीला अवकाश होता आणि कोर्टाशिवाय या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं. एके दिवशी एक भाडेकरू बाई हळू आवाजात काही बोलली. काकांनी दोनदा "पुन्हा सांगा" म्हटलं. तिला वाटलं, जज्ज चिडले. ती गप्पच झाली. काकांनी तिचा दावा दुसऱ्या जज्जाकडे पाठवला आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "मी रिझाइन केलं. ज्याला ऐकू येत नाही, त्याने निकाल देऊ नये."

कोणी तक्रार केली नव्हती, त्या बाईचं गप्प होणं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. खुर्चीला चिकटून बसणारे पुष्कळ पाहिलेत मी. स्वतःच्याच विरुद्ध निकाल देऊन घरी आलेला हा एकच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण काका जेवणाच्या टेबलाशी नुसते बसून राहिले. ताट वाढलेलं तसंच. मी आणि बायको त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला होतो. तेवढ्यात काकूंनी खुर्ची ओढली, त्यांच्या बऱ्या कानाशी बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "अहो, तुम्ही हरलात. कान गेले, कोर्टही गेलं. पण इतक्या लोकांचं ऐकून झाल्यावर गेलं. ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं, त्यांचंसुद्धा. समजलं का? नाहीतर पुन्हा सांगते."

काकांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं ते.

"पुन्हा सांग," म्हणाले.