एक बँक, एक पातेलं

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, उद्या ड्युटीवर गेलो की राहूनच जाईल. काल नाझियाचा फोन आला. नाझिया म्हणजे माझे रूममेट सलीमभाई, त्यांची मुलगी, रत्नागिरीत बी.ए. करते. सलीमभाई सुट्टीवर गावी गेले आणि महिन्यापूर्वी तिथेच, झोपेतच गेले...

सौदीत हुफूफजवळच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये आम्ही एका खोलीत चौघं. सलीमभाई वेल्डिंगचे फोरमन. नाझियाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर, म्हणून हे बसमध्ये इअरफोन लावून तोच इतिहास ऐकायचे. "पोरीशी बोलायला विषय नको काय? 'जेवलीस काय' किती वेळा विचारू?" आणि मग सगळं माझ्यावर ट्राय करायचे. देश नवा कोरा. पहिला अर्थमंत्री म्हणतो, सगळ्या देशाची एक बँक काढू. त्याच मंत्रिमंडळातला परराष्ट्रमंत्री म्हणतो, घटनेत बँक कुठे लिहिलीय? केंद्राने राज्यांच्या कारभारात नाक खुपसू नये! सलीमभाई अर्थमंत्र्याचे, मी राज्यांचा.

हे भांडण थेट चुलीपर्यंत यायचं. चौघांची एकच मेस, शुक्रवारी सुट्टी, मग कतीफच्या मासळीबाजारातल्या सुरमईचं कालवण, भल्यामोठ्या पातेल्यात. मी वैतागायचो, "आपापलं शिजवूया ना! माझं तिखट दुसऱ्याने का ठरवायचं?"

"आपापलं शिजवा असं लिहिलंय काय कुठे?"

"एकत्र शिजवा असं तरी कुठे लिहिलंय?"

"पातेलं आहे ना! एवढं मोठं पातेलं कोणी एकट्यासाठी घेतं काय, गाढवा?"

ते गेले आणि मेस मोडली. भांडण वगैरे काही नाही... कोणी अंडी, कोणी नूडल्स, जो तो आपल्या कॉटवर. म्हणजे मी जिंकलो की! आता तिघं भिंतीकडे तोंड करून जेवतो, बोलतात फक्त मोबाईल.

तर काल नाझिया म्हणाली, "ओंकारदादा, अब्बा राज्यांच्या बाजूने एवढे कट्टर का होते हो?"

"कोण? ते तर अर्थमंत्र्याचे!"

"छे! अर्थमंत्र्याची तर मी. रोज भांडायचे माझ्याशी."

आणि मग एकदम कळलं. समोरच्याची जी बाजू, तिच्या उलट सलीमभाईंची. म्हणजे फोन लवकर संपत नाही.

ती हळूच म्हणाली, "पेपर जवळ आलाय. आता तुम्ही भांडाल काय?"

भांडलो. मी राज्यांचा होतोच. कितीतरी वेळ भांडलो.

आज शुक्रवार. पातेलं खाली काढलं. सुरमई नाही मिळाली, नुसती डाळ केली, पण त्यातच. "यल्ला, जेवायला!" अशी हाक मारली, तर सांगलीचा महेश कॉटवरूनच म्हणाला, "अरे, आपापलं बरं चाललंय की. हे कोणी ठरवलं?"

आणि मी ओरडलो, "पातेलं आहे ना, गाढवा!"

सलीमभाईंच्या रिकाम्या कॉटकडे तिघांनीही एकदमच बघितलं...

तुमचं झालंय का असं? माणूस गेल्यावर त्याचीच बाजू घेऊन भांडायला लागलात?